सातशे एक

भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मावशी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेला माणूस दिवसभर करतो काय? कोडिंग तर मी घरी बसून पण शिकतोय." मी सरावाने सांगून टाकलं, की त्यात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही शिकवतात. पलीकडून नुसतं "हं" आलं. माहितीपत्रकातलं वाक्य आपल्याच तोंडून ऐकलं की ओशाळायला होतं, तसं झालं. मग त्याला पंपाची गोष्ट सांगितली. फोनवर ती अर्धीमुर्धीच झाली, म्हणून इथे नीट लिहून काढते.

मी फर्मवेअर लिहिते. ज्या वस्तूंना कोणी कॉम्प्युटर म्हणत नाही, त्यांच्या पोटातल्या छोट्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. चौदा वर्षं झाली. ही गोष्ट नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली. आमच्याकडे एक पंप होता, मिनिटाला ३,००० फेरे घेणारा. दर फेऱ्याला सेन्सरकडून एक पल्स (विजेचा छोटा ठोका) यायची, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक. दोन पल्समधला वेळ मोजायचा, त्यावरून वेग काढायचा, आणि वेग १,००० च्या खाली घसरला तर पंप अडकलाय असं धरून मोटर बंद करायची. बस, एवढंच काम. कोणालाही जमेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

तो पंप तास-दीड तासाने आपोआप बंद पडायचा. उघडून बघावं तर अडकलेलं काहीच नाही. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, शेवटचा वेग लिहिलेला असायचा: ७०१. एखाद वेळी ७००, एखाद वेळी ७०२. पुन्हा चालू केला की मुकाट चालायचा.

पहिले दोन दिवस भांडणात गेले. आम्ही म्हणायचो सेन्सरची वायर खराब आहे, हार्डवेअरवाले म्हणायचे कोड खराब आहे. वरिष्ठांनी मधला मार्ग सुचवला: एखादं रीडिंग वेडंवाकडं आलं तर सोडून दे, लागोपाठ तीन आली तरच मोटर बंद कर. सल्ला वाईट नव्हता, अशी गाळणी पुष्कळ ठिकाणी लावतात. पण मला ते पटेना. गोंगाटाने आलेलं रीडिंग कधी ३०० दाखवेल, कधी १,९००. हे दरवेळी ७०१ च का? तेव्हा मला याचं उत्तर माहीत नव्हतं. आकडा खटकला होता, इतकंच.

तिसऱ्या दिवशी ऑसिलोस्कोप लावला, म्हणजे वायरमधला सिग्नल पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. ऑसिलोस्कोपचा प्रोब हातात धरला की मला अजूनही दुसऱ्या वर्षाची डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा आठवते. ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर, आमचा काउंटर ० ते ९ मोजायचा, पण हात जवळ नेला की मध्येच शून्यावर यायचा. हात मागे घेतला की पुन्हा शहाण्यासारखा. मी आणि माझी जोडीदार दोन तास एकेक वायर उपटून पुन्हा खोचत होतो. शेवटी सरांनी लांबूनच विचारलं, "रीसेटची पिन कुठे जोडलीय?" कुठेच नव्हती जोडलेली. हवेत सोडली होती. आमच्या डोक्यात न जोडलेली पिन म्हणजे शून्य. खरं तर न जोडलेली पिन म्हणजे अँटेना. आसपासचं जे मिळेल ते ऐकत बसते आणि त्यालाच कधी ०, कधी १ म्हणते.

१९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या मुलाने एमआयटीतल्या आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं, की रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि स्विच यांची जोडणी जॉर्ज बूलच्या ० आणि १ च्या बीजगणिताने मांडता येते. आमची सगळी शाखा त्याच्यावर उभी आहे. पण वर्गात ते बीजगणित इतकं स्वच्छ दिसतं, की ० आणि १ हा नुसता करार आहे हे विसरायला होतं. अमुक व्होल्टेजच्या वर असेल तर १ म्हणायचं, अमुकच्या खाली असेल तर ०, आणि मधल्या पट्ट्यात सापडलात तर चिप काय म्हणेल याची हमी नाही. चार वर्षांत मी जे शिकले त्यातलं बरंच विसरले. करार कुठे मोडू शकतो हे बघायची खोड मात्र गेली नाही, आणि पगार मला बहुतेक तिच्याचसाठी मिळतो.

असो. मोटर बंद होईल त्या क्षणी ऑसिलोस्कोपने मागचं चित्र धरून ठेवावं, अशी सोय केली आणि वाट बघत बसले. सव्वा तासाने पंप थांबला. चित्रात पल्स अगदी ओळीने, २० मिलिसेकंदांच्या अंतरावर, शेवटपर्यंत. सेन्सर निर्दोष. वायर निर्दोष. हार्डवेअरवाल्यांनी काही न बोलता नुसतं माझ्याकडे बघितलं, ते जास्त लागलं.

चौथा दिवस वाया गेला.

पाचव्या दिवशी काही सुचेना म्हणून कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची त्याची काटछाट, बंद केलं. तोच कोड, एक अक्षर न बदलता. पंप आता दर पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडायला लागला! नुसतं वरवरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ही भुताटकी वाटेल. पण आमच्याकडून कंपायलरच्या विषयात एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहून घेतला होता. त्यामुळे एवढं ठाऊक होतं, की ऑप्टिमायझेशन बंद केल्याने अर्थ बदलत नाही, वेळ बदलतो. सूचना जास्त लागतात, दोन कामांमधली फट रुंदावते. म्हणजे चूक कुठल्यातरी फटीत आहे.

सहाव्या दिवशी असेंब्ली, म्हणजे कंपायलरने काढलेल्या चिपच्या सूचना, वाचायला घेतली. मायक्रोप्रोसेसर हा विषय मी शिव्या घालत पास झाले होते. हेक्स कीपॅडचं एक किट असायचं, त्यावर प्रत्येक सूचनेचा कोड हाताने टाकायचा, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आजच्या जगात हे कोण करतं, असं आम्ही तेव्हाही म्हणायचो. त्या दिवशी मी तेच करत होते, फरक इतकाच की कीपॅड नव्हता. सी भाषेत जी एक ओळ होती, तिच्या खाली दोन वेगवेगळ्या वाचण्या निघाल्या.

इथे टायमर थोडा समजावून सांगायला हवा. त्या चिपमधला टायमर १६ बिटांचा होता. दर मायक्रोसेकंदाला एकाने वाढायचा, ६५,५३५ पर्यंत जायचा आणि पुन्हा शून्य. असा उलटला की एक इंटरप्ट (चाललेलं काम थांबवून दुसरं करायला लावणारी हाक) यायचा, आणि तो इंटरप्ट हाताळणारा कोड वरचा एक आकडा एकाने वाढवायचा. वरचा आकडा आणि टायमरचा आकडा जोडले की पूर्ण वेळ मिळतो. भाच्याला मी हे घड्याळावरून सांगितलं. समज, मिनिटं आपोआप पळतात, पण तासाची पाटी एक माणूस हाताने बदलतो. मिनिटं शून्य झाली की तो येतो, पाटी बदलतो, जातो. तू आधी मिनिटं वाचलीस: ५९. मान वळवून पाटीकडे बघेपर्यंत त्याने १० ची पाटी काढून ११ ची लावली. तू लिहिलंस ११:५९. वाजलेत खरे अकरा. दोन्ही आकडे तू बरोबर वाचलेस, आणि वेळ एका तासाने चुकली.

हे सगळं मला सहाव्या दिवशीच दिसायला हवं होतं. नाही दिसलं. दोन वाचण्या दिसल्या, त्यात काही वावगं वाटलं नाही, घरी गेले.

सातव्या दिवशी सकाळी आल्या आल्या एका कागदाच्या पाठीवर भागाकार केला. का केला ते सांगता येणार नाही, ७०१ तेवढं डोक्यात घोळत होतं. ६० भागिले ७०१. सुमारे ०.०८५६ सेकंद, म्हणजे ८५.६ मिलिसेकंद. खरा वेळ २०. जास्तीचे ६५.६. या शाखेत चार वर्षं काढलेल्या माणसाला ६५ च्या आसपासचा आकडा दिसला की कान टवकारतातच. दोनचा सोळावा घात ६५,५३६. टायमर एकदा उलटायला ६५.५३६ मिलिसेकंद लागतात. कोणीतरी ११:५९ लिहीत होतं.

मग सगळं भराभर जुळलं. दोन वाचण्यांमधली फट पाव मायक्रोसेकंदाची. टायमर ६५,५३६ मायक्रोसेकंदांतून एकदा उलटतो, पल्स सेकंदाला पन्नास. गुणाकार-भागाकार करा, साधारण ८७ मिनिटांतून एकदा पल्स नेमकी त्या फटीत सापडते. ऑप्टिमायझेशन बंद केल्यावर फट पाचपट होते, म्हणजे १७ मिनिटं. संभाव्यतेचा पेपर हा आमच्यावर गणित विभागाने उगवलेला सूड आहे, असं मी तेव्हा समजायचे.

आधी चूक मुद्दाम वाढवून बघितली. त्या फटीत एक रिकामं लूप घातलं, पंप मिनिटाभरात बंद. मगच दुरुस्ती: आधी वरचा आकडा वाचायचा, मग टायमर, मग पुन्हा वरचा. दोन्ही वेळेला वरचा आकडा तोच असेल तर खरं, नाहीतर पुन्हा वाचायचं. तीन ओळी. आठवा आणि नववा दिवस पंप नुसता चालत राहिला. बंद नाही पडला.

भाचा म्हणाला, "नऊ दिवसांत तीन ओळी?" मी म्हटलं, हो, आणि दिवसभर करतो काय ते हेच.

आता त्याचा खरा प्रश्न, नोकरीचा. त्याला मी सांगितलं की त्या एका पंपापाशी किती जण उभे होते ते बघ. टायमर १६ बिटांचा का होता? कारण चिप आखणाऱ्या कोणीतरी जागा आणि वीज वाचवायची ठरवली. हे लोक हार्डवेअरचं वर्णन करायच्या भाषेत, व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये, चिपचं तर्कशास्त्र लिहितात. माझी ती ब्रेडबोर्डवाली जोडीदार या कामात आहे, पण लिहिणाऱ्यांच्या बाजूला नाही, तपासणाऱ्यांच्या. चिप कारखान्यात जाण्याआधी ती चुकतेय हे सिद्ध करायचा प्रयत्न करणं ही तिची नोकरी. बाहेरच्यांना या कामाचं नावही माहीत नसतं, पण चिपच्या प्रकल्पात माणसं आणि वेळ याच कामाला भरपूर लागतात. कारण साधं आहे. माझी चूक मी तीन ओळींत दुरुस्त केली. सिलिकॉनमध्ये कोरलेली चूक अशी पुसता येत नाही. १९९४ साली थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांवर हिशेब करत होते, आणि इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार काही आकड्यांना चुकतो हे त्यांच्या लक्षात आलं. भागाकारासाठी चिपमध्ये ठेवलेल्या तक्त्यातल्या, हिशेबाला लागणाऱ्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. पाच! चिप बदलून देण्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. माझी मैत्रीण म्हणते, तिच्या खात्यात हा किस्सा नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यातच ऐकावा लागतो.

वर्गातला एक जण प्रोसेसरच्या आतली रचना आखतो. २००५ च्या सुमारास घड्याळाचा वेग वाढवत नेणं उष्णतेपायी थांबलं, तेव्हापासून जास्त कोअर आणि एकेका कामासाठी वेगळे प्रोसेसर ही वाट धरावी लागली. ग्राफिक्सच्या चिपवर आज न्यूरल नेटवर्क चालतात ते त्याच वाटेवर. त्या कामाला बहुतेक ठिकाणी मास्टर्स किंवा पीएचडी मागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. दुसरी एक सुरक्षेत आहे. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले तेव्हा ती आठवडाभर झोपली नसावी. प्रोसेसर वेळ वाचवायला पुढची कामं अंदाजाने आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला तर केलेलं पुसतो, पण कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या स्मृतीत) त्याची पावलं राहतात, आणि त्या पावलांवरून गुपितं वाचता येतात. यात कोडची चूक कुठेच नाही. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन हा विषय ज्याने नीट शिकलाय त्यालाच हे एका बैठकीत कळतं.

कंपायलरवाले, बोर्ड आखणारे, नेटवर्कवाले, ऑपरेटिंग सिस्टिमवाले, सगळे आहेत. आणि निम्म्याहून जास्त वर्ग सरळ सॉफ्टवेअरमध्ये गेला: वेबसाइट, अ‍ॅप, डेटा, क्लाउड. तिथे जागा जास्त, नोकरी बदलणं सोपं, आणि तुमचं काम त्याच आठवड्यात लोकांच्या हातात पडतं. हार्डवेअरमध्ये कंपन्या मोजक्या, त्याही ठरावीक शहरांत, आणि आज आखलेली चिप हातात यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. धीर नसेल तर इकडे येऊ नये. सॉफ्टवेअरमध्येच जायचं पक्कं असेल, तर कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं काही वाईट नाही. तिथे अल्गोरिदम आणि सिद्धांताला जास्त वेळ मिळतो, आम्ही तो वेळ सर्किट, सिग्नल आणि इलेक्ट्रॉनिक्सला दिला. दोन्हींतला फरक इतकाच आणि एवढा मोठा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग या नावाच्या पदवीला अमेरिकेत पहिली औपचारिक मान्यता १९७१ साली मिळाली, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात. त्याच वर्षी इंटेलची ४००४ आली, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरची, अख्खा प्रोसेसर एका चिपवर. अशी वस्तू समोर आल्यावर वायरवाले आणि प्रोग्रॅमवाले वेगळे बसून चालणार नव्हतं.

विद्यापीठात जे शिकवलं नाही त्याचीही यादी मोठी आहे. दुसऱ्याचा दहा वर्षं जुना कोड कसा वाचायचा ते नाही शिकवलं. चिपबरोबर एक इरेटा नावाचा कागद येतो, त्यात कंपनीनेच आपल्या चुका कबूल केलेल्या असतात, आणि डेटाशीटच्या (चिपच्या माहितीपत्रकाच्या) आधी तो वाचायचा असतो, हे कोणी सांगितलं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात प्रायॉरिटी इन्व्हर्जनची (कमी महत्त्वाच्या कामापायी महत्त्वाचं काम अडकून पडणं) व्याख्या मी पाच गुणांसाठी घोकली होती. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान नेमक्या त्याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, पृथ्वीवर तशाच यंत्रावर चूक पकडली गेली आणि दुरुस्ती तिथवर पाठवली गेली, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. व्याख्येच्या आधी हे सांगितलं असतं तर घोकावं लागलं नसतं.

"पण आता एआयच कोड लिहितो," भाचा म्हणाला. "तुझी ती चूक त्याने लगेच पकडली असती." बरोबर आहे. नंतर गंमत म्हणून मी ते जुनं फंक्शन एका अशा मदतनिसाला दाखवलं, त्याने काही क्षणांत बोट ठेवलं. मी भाच्याला म्हटलं, पण कुठलं फंक्शन दाखवायचं हे ठरवायलाच तर मला सात दिवस लागले. तो म्हणाला, "ते पण त्यालाच विचारायचं." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. ऑसिलोस्कोपचा प्रोब कुणीतरी धरायचा असतो, एवढंच सुचलं.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मावशी, ते तासाच्या पाटीचं. तू पाटी दोनदा वाचलीस. पण पाटी बदलणारा तो माणूस त्याच वेळी दुसऱ्या कामात अडकलेला असला तर? मिनिटं शून्य झाली, आणि तो आलाच नाही अजून?"

मग दोन्ही वेळेला पाटीवर १० च दिसणार. मिनिटं शून्य. आपण दहा लिहिणार, आणि वाजलेले असणार अकरा.

मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर कोड साठवलेलं जुनं रेपो शोधून काढलं. माझ्या तीन ओळी जशाच्या तशा होत्या, वर माझीच अभिमानाची कॉमेंट. ते फंक्शन किती ठिकाणांहून बोलावलं जातं ते बघितलं. सहा. पाच ठीक होत्या. सहाव्या ठिकाणी, बोलावण्याच्या दोनच ओळी आधी, कोणीतरी सगळे इंटरप्ट बंद केलेले होते.